मास्तरांचा पाय

मास्तर म्हशीलाही 'आपण' म्हणत. सकाळी शाळेच्या वाटेवर कुणाची म्हैस आडवी बसलेली असली की ते छत्रीचं टोक जमिनीवर टेकवून थांबत आणि म्हणत, "आपण जरा उठता का? मुलं खोळंबली आहेत." म्हैस उठेपर्यंत तिथून हलत नसत. पहिलीत नाव घातलेल्या, नाक वाहणाऱ्या पोरालाही ते "आपण पाटी आणली नाही?" असंच विचारत. मग आपल्या मागं कुणी मोठं माणूस उभं आहे की काय असं वाटून ते पोर वळून बघे. मीही बघितलं होतं. हिर्डोशीकडच्या आमच्या खोऱ्यात तोवर मला कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. घरात बाप मला नावानंही हाक मारत नसे, नुसता खाकरत असे.

गावाला त्याची गंमत वाटायची. "मास्तर म्हशीला अहो-जाहो करत्यात, ती बिचारी लाजून दूद चोरती," असं माझा चुलता पारावर बसून म्हणायचा. हे कानावर गेल्यावर मास्तरांनी त्याला वाटेत गाठलं आणि शांतपणे विचारलं, "आपण आपल्या म्हशीला शिव्या देता. ती किती देते?" चुलत्याची म्हैस तेव्हा आटलेली होती. त्यानंतर तो मास्तर दिसले की दुसऱ्या आळीनं जायचा.

फक्त एका माणसाला ते 'तू' म्हणत, ती त्यांची आई. तिच्याशी बोलताना शाळेतलं शुद्ध मराठी उंबऱ्याबाहेर राहायचं आणि आत "आये, हितं बस की", "म्या न्हाई जेवलो अजून" असं सुरू व्हायचं. मास्तरांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात ही दोघंच. म्हातारी रानातून हिरडा वेचून आणायची, नाचणीच्या भाकरी थापायची आणि लेक चाळिशी उलटून गेला तरी तो शाळेतून यायला उशीर झाला की बांधावर येऊन उभी राहायची.

त्यांचा आणखी एक शब्द होता, 'पुरावा'. कुणी म्हणालं की अमक्या विहिरीवर भर दुपारी बाई दिसते, तर मास्तर लगेच विचारायचे, पुरावा काय. एवढ्यावर थांबले असते तर बरं. ते खरोखरच तीन दुपारी त्या विहिरीच्या काठावर छत्री उघडून बसले आणि चौथ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "बेडूक एक. पारवे दोन. बाई नाही." शाळेच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. पोरांच्या गळ्यातले ताईत, कमरेचे काळे दोरे, दारावरून काढलेल्या सुया टोचलेल्या लिंबांच्या वाळक्या साली असं सगळं त्या पेटीत असे, आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधलेली. कुणाकडून घेतलं, कशासाठी बांधलं होतं आणि गुण आला का. शाळातपासणीला साहेब आले की मास्तर आधी पेटी उघडून दाखवत आणि मग हजेरीपट.

त्या पेटीत सगळ्यात जास्त होते बिब्बे. बिब्बा आमच्याकडं घरोघर असतो. मोठ्या वालाएवढं काळं फळ. दिव्यावर धरून सुई टोचली की त्यातून जहाल तेल येतं. परीट त्याच तेलानं कपड्यावर न जाणारी खूण करतात. आमची माणसं तेच तेल काटा रुतला, भेगा पडल्या, पोटात दुखलं, काहीही झालं तरी अंगाला लावतात. एखाद्याला सोसतं. एखाद्याला उततं, म्हणजे अंगावर फोड उठतात आणि कातडी सोलून निघते. लहान पोरांना दृष्ट लागू नये म्हणून गळ्यातही बिब्बा बांधतात. मास्तर तो कात्रीनं कापून घेत आणि आईला म्हणत, "आपलं मूल आहे, कपडा नाही."

आमच्याकडं येण्याआधी ते वेल्ह्याकडं, तोरण्याखालच्या एका वाडीत मास्तर होते. तिथं त्यांच्या शाळेतल्या एका मुलीच्या बेंबीभोवती, पोट दुखतं म्हणून, घरच्यांनी बिब्ब्याचे डाग दिले. बिब्बा उतला आणि पाचव्या दिवशी मुलगी गेली. हे मला त्यांच्या आईनं सांगितलं. मास्तर स्वतः एवढंच म्हणाले होते, "तिच्या नावावर रेघ मारायला माझ्याकडं लाल शाई नव्हती. काळीच मारली." त्यांनी हे का सांगितलं ते तेव्हा मला कळलं नाही. आता थोडं कळतं असं वाटतं.

त्यांच्यामुळं मी शिकलो. चौथीनंतर बाप मला गुरांमागं लावणार होता. मास्तर सलग आठ दिवस आमच्या खळ्यावर येऊन बसले आणि बापाला "आपण विचार केलात का?" असं विचारत राहिले. आठव्या दिवशी बाप वैतागून म्हणाला, "न्या त्याला, पर मला आपन म्हनू नका." भोरला इंग्रजी शाळा, मग पुण्यात कॉलेज. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंटरला मला जीवशास्त्र होतं. सुट्टीत गेलो की मास्तर माझी वही मागून घेत आणि चित्रं पाहत. सूक्ष्मदर्शक यंत्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकातल्या चित्रावरून मात्र ते वीस वर्षं शिकवत होते. मला विचारत, "खरंच दिसतं का हो त्यात? की प्राध्यापक सांगतात म्हणून आपण दिसलं म्हणता?" मला कितीदा दिसत नसे. मी दिसतं म्हणून सांगत असे.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वरंध्याकडच्या एका धनगरवाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून मास्तर तिकडं गेले होते. येताना करवंदीच्या जाळीत घोट्याच्या वर काटा मोडला. काटा निघाला, पण जखम भरेना. भोरच्या दवाखान्यातून ते मलम आणत, पट्टी बांधत. दर आठवड्याला बारा-चौदा कोस चालणं, त्यात भाताच्या खाचरातला चिखल. पावसाळाभर ती जखम तशीच ओली राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो ती दुपारची वेळ होती. दार लोटलेलं होतं. मी नेहमीसारखा आत गेलो आणि जागीच थांबलो. मास्तर पोत्यावर पाय पसरून बसले होते, तोंड भिंतीकडं. हातात त्यांनी दिवा धरला होता. म्हातारीनं सुईला टोचलेला बिब्बा त्या दिव्यावर धरलेला, आणि त्याचं तेल ती त्यांच्या जखमेवर लावत होती. तेल लागलं तसा दिवा हलला.

मला पाहिल्यावर त्यांनी दिवा खाली ठेवला. मग म्हणाले, "आईचं समाधान."

म्हातारी म्हणाली, "दवाखान्याचं समदं करून झालं न्हवं? आता माजं. चार दिस कोरडं पडतंय बग बाळा. मग पुन्ना येतंय."

मास्तर मला बांधापर्यंत पोचवायला आले. वाटेत म्हणाले, "आपण काही पाहिलं नाही." मी मान हलवली. पाय मी पाहिला होता. जखमेच्या जागी फणसाच्या सालीसारखं खरखरीत, उंच काहीतरी वाढलं होतं आणि त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

पौषात ते रुपयाएवढं होतं ते तळहाताएवढं झालं. भोरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पुण्याला जा म्हणून सांगितलं. निघायच्या आधी मास्तरांनी चिंच आणि राखेनं पाय घासून काळे डाग काढायचा प्रयत्न केला होता. तरी थोडे राहिलेच. आई बरोबर होती. सर्व्हिस मोटारीतून भाटघरचं धरण दिसलं तेव्हा ती एकदाच बोलली, एवढं पाणी अडवून ठेवलंय तर खाली वाहतंय कुठलं. मास्तरांनी तिला धरणाची उंची सांगितली. तिनं ऐकलं नाही.

इस्पितळातल्या मोठ्या इंग्रज साहेबांना मराठीचे चारच शब्द येत होते. म्हणून मधला बोलणारा मी. त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिला, जांघेत गाठी चाचपल्या आणि मला विचारलं की यावर काही लावलं होतं का, झाडपाला, डाग, काहीही. मी मास्तरांना मराठीत विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण मी विचारलं. ते म्हणाले, "सांगा, दवाखान्याचं मलम. दुसरं काही नाही."

साहेबांनी काळ्या डागावर बोट ठेवलं.

"शाई," मास्तर म्हणाले. "शाळेतली."

"इंक, सर," मी म्हणालो.

एवढंच मी बोललो. मी ज्या इंग्रजीसाठी घर सोडलं, त्या इंग्रजीतले ते दोन शब्द. बाहेर व्हरांड्यात मी मास्तरांना म्हणालो की सांगून टाकू या का. ते म्हणाले, "वीस वर्षं मी या खोऱ्यातल्या बायांच्या हातातून बिब्बा काढून घेतला. आता इस्पितळाच्या कागदावर माझ्या नावापुढं बिब्बा लिहायचा? आणि त्यानं काय फरक पडतो? यंत्र आहे ना इथं. ते बघेल."

यंत्रानं पाहिलं. जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासणीला गेला आणि चार दिवसांनी साहेब म्हणाले, कर्करोग. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि लवकर.

मी ते मराठीत सांगितलं. मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, पुरावा पाहिल्याशिवाय मी पाय देणार नाही."

मला वाटलं साहेब रागावतील. ते हसले आणि त्यांनी आम्हाला तपासणीच्या खोलीत पाठवलं. तिथले डॉक्टर आपल्याकडचेच, सडपातळ, बोटांवर निळेजांभळे डाग पडलेले. असा रोगी आपल्याकडं पहिल्यांदाच आला, असं ते म्हणाले. त्यांनी खिडकीपाशी यंत्र सरकवलं, काच लावली आणि मास्तरांना स्टुलावर बसवलं. म्हातारी दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती.

मास्तरांनी पागोटं काढून माझ्याकडं दिलं आणि डोळा लावला. पहिल्यांदा त्यांना आपल्या पापणीचे केसच दिसले. मग हळूहळू दिसायला लागलं. डॉक्टर सांगत होते, ही वरची कातडी, एरवी ही अशी एका रेषेत असते. इथं बघा, तिची बोटं खाली मांसात घुसली आहेत, मुळांसारखी. मास्तर किती वेळ पाहत होते ते सांगता येणार नाही, पण बाहेर रोग्यांच्या जेवणाची घंटा झाली तरी त्यांचा डोळा भिंगावरच होता.

"हे माझंच कशावरून?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी काचेवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर दाखवला. मास्तरांनी दोन्ही मोठ्यानं वाचले.

"आणि हे दुसरं काही असू शकतं का?"

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "क्वचित," ते म्हणाले. "जुन्या जखमेला सतत काही जाळत, टोचत राहिलं, तर कातडी अशी माजते. असंच दिसतं. रोग नसतो. पण तुम्ही तर साहेबांना काही लावलं नाही म्हणालात."

मी पागोटं दोन्ही हातांत धरून उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, दाराकडं पाहिलं. तिथून म्हातारीचे पाय तेवढे दिसत होते.

"नाही," ते म्हणाले. "काही नाही लावलं. दिसलं मला. आपले आभार."

व्हरांड्यात मी त्यांना अडवलं. मी म्हणालो, मास्तर, ते काय म्हणाले ते आपण ऐकलंत ना. ते म्हणाले, "ऐकलं. मरणाला भ्यायलेला माणूस अशाच 'क्वचित'ला लोंबकळतो. देवऋष्याकडं जाणारे काय वेगळं म्हणतात? मी त्यांना जन्मभर हसलो. मी आता डोळ्यांनी पाहिलं आहे." मग खालच्या आवाजात, "आणि ती बाहेर बसली होती."

मी परत खोलीत जाऊन सांगू शकलो असतो. दार दहा पावलांवर होतं. मास्तरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं असं मी मनाशी म्हटलं, आणि ते म्हणायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कागदावर वळणदार सही केली, खाली गावाचं आणि शाळेचं नाव घातलं, आणि पाय गेला.

शुद्धीवर आल्यावर ते वाकले आणि चादर सपाट झाली होती त्या जागी हात फिरवला. परिचारिकेला म्हणाले, "आपण व्यवस्थित काम केलंत." त्या बाईनं मान खाली घातली. पंधरा दिवसांनी मी त्यांना मोटारीत बसवलं. भोरपासून बैलगाडी सांगितली होती.

फाल्गुनात तपासणीच्या डॉक्टरांचा मला कॉलेजात निरोप आला. मी गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही, आधी सगळं सांगून टाकलं. काढलेला पाय त्यांनी पूर्ण चिरून पाहिला होता. जागोजागचे तुकडे घेतले होते. पहिला तुकडा वरवरचा होता आणि तिरका कापला गेला होता, म्हणून ती बोटं तुटलेली, सुटी, खोलवर गेल्यासारखी दिसली. खरी ती सगळी वरच्या कातडीला जोडलेली होती आणि एका पातळीवर येऊन थांबली होती. खाली मांस स्वच्छ. हाड स्वच्छ. कर्करोग नव्हता. कातडीनं त्याचं नुसतं सोंग घेतलं होतं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मी तसं लिहून दिलं आहे. पण मला एक सांगा. त्या जखमेला काय लावत होते?"

मी सांगितलं. त्यांनी ते चुकून दुसरंच काही ऐकलं असावं तसं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती दिवस?" मी म्हणालो, दिवाळीच्या आधीपासून, निदान तीन-चार महिने. ते म्हणाले, "एक शब्द कुणी बोललं असतं तर मी थांबलो असतो. महिनाभर नुसती स्वच्छ पट्टी बांधून बघा म्हटलं असतं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांचं पत्र त्यांनी माझ्याच हाती दिलं. इंग्रजीत होतं. टपालानं पाठवलं तर तिथं कोण वाचणार, तुम्हीच जाऊन समजावून सांगा, असं ते म्हणाले. मी ते ट्रंकेत पुस्तकांखाली ठेवलं. परीक्षा होती हे खरं आहे. पण मधे दोन रविवार आणि होळीची सुट्टी होती हेही खरं आहे. जे तुटलं ते तुटलं, आता सांगून त्यांच्या जिवाला फक्त घोर लागेल, असं मी स्वतःला सांगत होतो. मास्तरांची दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की कुबडी घेऊन शाळेपर्यंत जातो आणि भिंगात जे पाहिलं त्याचं चित्र मुलांना काढून दाखवलं. दुसऱ्यात फक्त, सुट्टीत यावं, काही व्यवस्था करायची आहे.

वैशाखात गेलो. शाळेला कुलूप होतं. मास्तर घरात पडून होते, अंगानं निम्मे झालेले. मला पाहून उठून बसले आणि उशाखालून कागद काढला. शाळेतल्या सामानाची यादी होती, नवीन मास्तर येतील त्यांच्यासाठी. "बरं केलंत आलात," ते म्हणाले. "माझं अक्षर आता हलतं. आपण ही नीट उतरून द्या. दिवस थोडे आहेत."

मी विचारलं काय झालं. त्यांनी धोतर बाजूला केलं. खुंटाच्या टोकाला शिवणीवर तेच आलं होतं, तीच फणसाची साल, आणि कडेला ताजा काळा डाग.

"परत आला," ते म्हणाले. "आता गुडघ्यावर चढेल. मग मांडी. साहेबांना तसदी द्यायची नाही, असं ठरवलंय मी."

म्हातारी चुलीपाशी होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट काळं होतं. मी तिला विचारलं, आजी, तुम्ही परत लावताय का. ती म्हणाली, "शिवन खाजती त्याची. मग कुनी बगायचं? इस्पितळात न्हेलं, थितं त्यास्नी बिब्बा न्हाई, काय न्हाई. म्हनून तर पाय ग्येला."

तेव्हा मी पत्र काढलं. ट्रंकेत राहून त्याच्या घड्या पक्क्या झाल्या होत्या. म्हातारी बाहेर गेल्यावर वाचावं असं मनात आलं होतं. पण तिनं ते ऐकलं नसतं तर ती लावतच राहिली असती. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचली आणि तिचं मराठी केलं. काही गाळलं नाही. रोग नव्हता हे सांगितलं. कशानं तसं झालं तेही सांगितलं. आता जे आलंय तेही तेच आहे आणि लावणं थांबवलं तर जाईल, हे माझ्या पदरचं सांगितलं.

मास्तरांनी पत्र हातात घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते शेवटपर्यंत डोळ्यांखालून घातलं. "आपल्याला हे कधी मिळालं?"

"फाल्गुनात."

"आता वैशाख," ते म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात एवढीच एक शिक्षा केली.

म्हातारी पुढं आली. "म्हंजी पायाला काई झालं नव्हतं?" तिनं मास्तरांकडं पाहिलं. "माज्या बिब्ब्यानं झालं?"

"न्हाई, आये," मास्तर घाईनं म्हणाले. "म्याच लावत हुतो. तू नुसता दिवा धरायचीस."

"खोटं बोलू नगंस. दिवा तू धरायचास." मग माझ्याकडं वळून, "बाळा, आता न्हाई लावला तर गुडगा ऱ्हाईल त्याचा?"

"राहील, आजी."

ती परसात गेली आणि संध्याकाळ होईपर्यंत घरात आली नाही.

खुंट भरला. भोरच्या डॉक्टरांनी पांढरं मलम आणि स्वच्छ पट्ट्या दिल्या. दोन महिन्यांत ती साल गळून खाली कोवळी कातडी आली. मास्तर शाळेत परत गेले आणि पहिल्याच दिवशी मुलांना उभं राहून सांगितलं की मी बिब्बा लावत होतो, साहेबांना खोटं सांगितलं आणि त्यात माझा पाय गेला. आईचं नाव घेतलं नाही. त्यांना वाटलं असावं, एवढा मोठा पुरावा दुसरा नाही. पण खोऱ्यानं त्यातला अर्धाच भाग उचलला. मास्तर सुद्धा बिब्बा लावत्यात, एवढंच वाडीवाडीत गेलं. माझा चुलता पारावर म्हणाला, "मास्तरानी आमच्या पोरास्नी बांदलेलं काढून न्हेलं ते ह्याच्यासाठी व्हय." लोक हसले. त्यानंतर ते कात्री घेऊन कुणाच्या दारात गेले नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी मी फराळाचं घेऊन त्यांच्याकडं गेलो तर ऊन अंगणात आलं होतं. अशा दिवशी आमच्याकडं लेक कितीही मोठा असला तरी आई त्याला पाटावर बसवून तेल लावते. मास्तर पाटावर बसले होते, उघडे, कुबडी बाजूला, समोर तेलाची वाटी. घंगाळातल्या पाण्याची वाफ केव्हाच गेली होती. मला पाहून ते जरा ओशाळले.

"वैशाखापासून तिनं मला हात लावला नाही," ते हळूच म्हणाले. "ताट पुढं सरकवते. कुबडी भिंतीला टेकवून ठेवते. हातात देत नाही. आपण एकदा सांगून पाहता का? आजच्या दिवस."

मी आत गेलो. ती चुलीपुढं बसली होती. मी म्हणालो, आजी, ते थांबलेत तेलासाठी.

ती वळली नाही. "त्याला म्हनावं, तुजं तू लाव. माजं हात काळं हायती."

मी तिचे हात पाहिले. डाग पावसाळ्यातच निघून गेले होते. पिठानं माखलेले, सुरकुतलेले, साधे हात होते.

बाहेर येऊन मी मास्तरांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. थोडा वेळ दाराकडं पाहिलं, मग वाटीत बोटं बुडवली आणि स्वतःच आपल्या डोक्याला तेल चोळायला लागले. मी पाणी पुन्हा तापवायला घेऊन गेलो.